समुद्राची आणेवारी कोण लावणार?

दिंडोशी आणि समुद्र यांच्यातील अंतर फार तर आठ-दहा किलोमीटरांचे. परंतु तेथील नोकरदार कुटुंबाचा समुद्राशी संबंध येतो तो बुधवार, शुक्रवार आणि रविवार या तीन वारी, आणि तोही मासळीच्या पाटीपुरता. वेसावे, मढ, मालवणी, मनोरी येथील कोळणी मालाड-गोरेगावच्या बाजारांत पाट्या मांडतात, गिऱ्हाईक भाव विचारते, थोडी घासाघीस होते आणि पिशवी भरते. या व्यवहारात अलीकडे दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. पापलेट परवडत नाही, ही पहिली. आणि जे परवडते ते तळहाताएवढेही नसते, ही दुसरी. भाव चढल्याचे दुःख सर्वांनाच होते. मासा लहान का झाला, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. वस्तुतः दुसरी तक्रार पहिलीहून अधिक गंभीर आहे. भाव हा बाजाराचा प्रश्न आहे. आकार हा समुद्रातील साठ्याचा प्रश्न आहे.

शासनाला याची जाणीव नाही, असे म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला ‘राज्यमासा’ म्हणून घोषित केले. त्याच वर्षाच्या अखेरीस मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवून देणारा आदेश निघाला. त्यानुसार १३५ मिलिमीटरहून लहान, म्हणजे सुमारे सव्वापाच इंचांच्या आतील, पापलेट पकडणे वा विकणे हा नियमभंग ठरतो. हेतू योग्यच आहे. जो मासा एकदाही अंडी घालण्याच्या वयाला पोचला नाही तो खाणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून त्याच्या भाकऱ्या करणे होय. परंतु सन्मान झाला, निर्बंध झाला, तरी एक मूलभूत प्रश्न उरतोच. डहाणूपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या या समुद्रात पापलेट आज आहे तरी किती? गतवर्षापेक्षा अधिक की उणे? आणि यंदा किती काढले असता पुढील वर्षीही तेवढेच मिळेल?

शेतीच्या बाबतीत असा प्रश्न अनुत्तरित राहत नाही. खरिपाचे पीक उभे असतानाच गावोगाव पैसेवारी लावली जाते. जुने लोक तिला अजूनही आणेवारी म्हणतात, कारण पूर्वी सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक अशी मोजणी होती. नजरअंदाज होतो, पीक कापणीचे प्रयोग होतात, गावच्या समितीत सरपंच आणि शेतकरी बसतात, हरकती मागविल्या जातात आणि शेवटी अंतिम आकडा जाहीर होतो. तो पन्नास पैशांच्या खाली गेला की सवलतींचा विचार सुरू होतो. या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत. तथापि पीक किती आले हे सांगण्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित केलेली आहे, आणि त्या आकड्यावरून पुढे काय करायचे हेही ठरलेले आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांच्या सवलती त्यामागून येतील, असे सांगितले गेले. दर्जा शेतीचा असेल तर शेतीची आणेवारीही समुद्राला लागू व्हावयास हवी. ती कोण लावणार?

पकड म्हणजे साठा नव्हे

येथे पहिली अडचण आकड्यांच्या अर्थाची आहे. मासळीविषयी जे आकडे वृत्तपत्रांत येतात ते बंदरावर उतरलेल्या मासळीचे असतात, समुद्रात उरलेल्या मासळीचे नव्हेत. हे म्हणजे बँकेच्या पासबुकात केवळ काढलेल्या रकमा वाचून शिल्लक ओळखू पाहण्यासारखे आहे. एखाद्याने या महिन्यात अधिक पैसे काढले म्हणजे तो श्रीमंत झाला असे होत नाही. कदाचित तो मुद्दल मोडत असेल.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात २०१७ मध्ये ३.८१ लाख टन सागरी मासळी उतरली. २०१८ मध्ये हा आकडा २.९५ लाख टन झाला आणि २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आला. पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक होता. दोन वर्षांत जवळपास निम्मी घट, हे ऐकताच समुद्र रिकामा झाला असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु २०१९ हे वादळांचे वर्ष होते. ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामात अरबी समुद्रात एकामागोमाग आली आणि नौका दिवसचे दिवस किनाऱ्याला बांधून राहिल्या. जो समुद्रात गेलाच नाही, त्याची पकड कमी होणारच. मग घट किती वादळामुळे आणि किती उपशामुळे? केवळ उतरलेल्या मासळीच्या वजनावरून या प्रश्नाचे उत्तर कोणालाही देता येत नाही. त्यासाठी नौका किती दिवस गेल्या, किती तास जाळे ओढले, इंजिने किती अश्वशक्तीची होती, जाळ्याचे आस किती बारीक होते, हे सारे माहीत असावे लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर उत्पादनाचा आकडा आहे, परंतु गुंतविलेल्या श्रमाचा व साधनांचा आकडा तितक्या काटेकोरपणे ठेवलेला नाही.

साठ्याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र अस्तित्वात आहे आणि ते या देशात नवीनही नाही. उपरोक्त संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९७१ मध्ये तिचे मुख्यालय कोचीला गेले. तिचे निरीक्षक ठरावीक पद्धतीने बंदरे, दिवस आणि नौका यांचे नमुने निवडतात, उतरलेली मासळी मोजतात आणि माशांची लांबी नोंदवितात. थंड समुद्रातील माशाच्या कानात चुन्याचे जे बारीक खडे असतात त्यांवर झाडाच्या बुंध्याप्रमाणे वर्षागणिक वलये उमटतात व त्यांवरून वय कळते. आपल्या उष्ण समुद्रात ही वलये तितकी स्पष्ट नसतात. म्हणून लांबीच्या गटांवरून वयाचा आणि वाढीचा अंदाज घ्यावा लागतो. त्यावरून दर वर्षी मरणाऱ्या माशांपैकी किती नैसर्गिक कारणांनी मेले आणि किती जाळ्यात गेले, याचे गणित मांडले जाते. एकूण मृत्यूंपैकी जाळ्याचा वाटा निम्म्याहून बराच अधिक झाला की धोक्याची घंटा वाजली, असा एक ढोबळ दंडक आहे.

दुसरी पद्धत अधिक स्वतंत्र आहे. व्यापारी नौकांवर मुळीच न विसंबता संशोधन नौकेने ठरावीक जागी, ठरावीक जाळ्याने, ठरावीक वेळ मासेमारी करून पाहावयाची आणि वर्षानुवर्षे तुलना करावयाची. हे काम करणाऱ्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण या संस्थेचे मुख्यालय मुंबईतच आहे आणि तिचा प्रारंभ १९४६ सालचा आहे. मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था १९६१ पासून वेसाव्याच्या परिसरात उभी आहे. म्हणजे ज्ञानाची उणीव या शहरात तरी नाही. उणीव आहे ती या ज्ञानाला निर्णयाशी बांधणाऱ्या दुव्याची.

न्यूफाउंडलंडचा धडा

हा दुवा नसला, किंवा असूनही चुकीच्या आकड्यावर उभा असला, तर काय होते याचे जगातील सर्वांत बोलके उदाहरण कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंडचे आहे. तेथील ‘कॉड’ या माशावर पाचशे वर्षे वस्त्या जगल्या. १९६८ साली, मुख्यतः परदेशी ट्रॉलरांमुळे, तेथील उत्तरेकडील साठ्यातून सुमारे आठ लाख टन कॉड काढला गेला. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला, परदेशी नौका दूर केल्या आणि शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने दर वर्षीची मर्यादा ठरविण्यास आरंभ केला. तेथे शास्त्र होते, मर्यादा होती आणि कायदाही होता. तरीही २ जुलै १९९२ रोजी सरकारला ही मासेमारी सर्वस्वी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका घोषणेने गेला. दोन वर्षांसाठी म्हणून केलेली बंदी २०२४ पर्यंत, बत्तीस वर्षे, चालली.

चूक कोठे झाली? साठ्याचा अंदाज बांधताना व्यापारी ट्रॉलरांना तासाला किती मासा मिळतो या आकड्यावर फार भर दिला गेला. परंतु ट्रॉलर दर वर्षी अधिक सुधारत होते आणि मासा जेथे दाटीने उरला होता नेमके तेथेच जात होते. साठा आटत असताना त्यांची तासाची पकड मात्र टिकून राहिली. उलट, किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासेमारी करणारे लोक १९८० च्या दशकातच सांगत होते की मासा येईनासा झाला आहे आणि येतो तो लहान आहे. त्यांचे म्हणणे ही तक्रार मानली गेली, माहिती मानली गेली नाही. दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी आपला अंदाज खाली आणला तेव्हा वेळ निघून गेली होती.

आपल्या किनाऱ्यावर नेमकी हीच परिस्थिती आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या चुकीची बीजे येथेही आहेत. वीस वर्षांपूर्वीची नौका आणि आजची नौका यांना एकच ‘नौका’ म्हणून मोजणे बरोबर नाही. आजच्या नौकेचे इंजिन मोठे आहे, तिच्यावर मासळीचा थवा दाखविणारे यंत्र आहे, उपग्रहाच्या साह्याने नेमकी जागा सापडते. अशी नौका जुन्या नौकेइतकीच मासळी आणीत असेल, तर साठा स्थिर आहे असा त्याचा अर्थ होत नाही. उलट, तेवढ्याच मासळीसाठी कितीतरी अधिक शक्ती खर्च होत आहे, असा होतो.

शिवाय मुंबईच्या समुद्राने एक लहानसा कॉड पाहिलेला आहे, जरी त्याची वार्ता फारशी झाली नाही. वाळूत राहणारी चपटी शेवंड एकेकाळी येथील ट्रॉलरांना शेकडो टनांनी मिळे. तिची परदेशी निर्यात होई. पोटाशी अंडी बाळगणाऱ्या माद्याही सरसकट जाळ्यात येत आणि विकल्या जात. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही मासेमारी जवळजवळ नाहीशी झाली. मर्यादा घालणारा नियम तेव्हा नव्हता. ज्या मालाचा अंत झाला त्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात राहिली. बाजाराने शेवंडीची जागा दुसऱ्या मालाने भरून काढली.

एक्याण्णव टक्क्यांचे समाधान

या सर्वांवर एक प्रतिवाद होऊ शकतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ या वर्षासाठी देशातील १३५ मत्स्यसाठ्यांचे मूल्यमापन केले आणि त्यांतील ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष काढला. जगातील एकूण चित्राच्या तुलनेत हा निष्कर्ष आनंददायक आहे. मग वेसाव्यापासून सातपाटीपर्यंत ओरड का?

ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. अशा टक्केवारीत प्रत्येक साठा हा एक आकडा असतो. त्यावर किती कुटुंबे जगतात, याचा हिशेब त्यात नसतो. लहान, लवकर वाढणारा, दोन-तीन वर्षांचे आयुष्य असलेला बोंबील हा मोठा उपसा सोसू शकतो. पापलेटची वाढ तितकी जलद नाही. आणि मीटरभर लांबीची घोळ, जिच्या पोटातील ‘बोत’ सोन्याच्या भावाने परदेशी जातो, ती तर त्याहून नाजूक. परीक्षेत वर्गाचा निकाल एक्याण्णव टक्के लागला म्हणून नापास झालेल्या मुलाच्या घरी पेढे वाटले जात नाहीत. देशाचा आकडा शासनाला उपयोगी आहे. कोळीवाड्याला उपयोगी पडेल तो आपल्या समुद्राचा, आपल्या माशाचा आणि आपल्या हंगामाचा आकडा.

आणखी एक सूक्ष्म प्रश्न आहे. साठा सुस्थितीत आहे असे म्हणताना तुलना कोणत्या काळाशी होते? मोठी घोळ आणि मोठा रावस या किनाऱ्यावर विपुल होते तो काळ आजच्या तरुण तांडेलाने पाहिलेलाच नाही. त्याच्या दृष्टीने आजची पकडच नेहमीची. प्रत्येक पिढी आपल्या बालपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र मानते, आणि अशा रीतीने प्रत्येक पिढीबरोबर अपेक्षा थोडी खाली उतरते.

बाजार वेळेवर इशारा देत नाही

वस्तू दुर्मीळ झाली की भाव चढतो, भाव चढला की मागणी आवरते आणि समतोल साधतो, असे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. मासळीच्या बाबतीत हा नियम उलटा पडतो. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले होते की जो साठा कोणाच्याच मालकीचा नाही त्याच्या पकडीवर बंधन नसेल, तर नौका वाढतच जातात, आणि त्या वाढायच्या थांबतात त्या उत्पन्न खर्चाशी समान झाल्यावर. म्हणजे समुद्राने दिलेला सारा नफा डिझेल, बर्फ आणि जाळी यांत विरून जातो. पापलेट दुर्मीळ झाले की भाव वाढतो. भाव वाढल्याने कमी मासळीतही फेरी परवडते, आणि फेरी परवडते म्हणून उरलेल्या पापलेटचा पाठलाग चालू राहतो. डिझेलवरील कराचा परतावा आणि नव्या नौकांसाठीचे अर्थसाह्य यांमुळे खर्चाची बाजू हलकी होते व तो पाठलाग आणखी लांबतो. मच्छीमाराला साह्य मिळू नये, असा याचा अर्थ नव्हे. साह्य मासा पकडण्याच्या शक्तीला जोडले आहे की माशाच्या रक्षणाला, हा प्रश्न आहे. जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारीच्या अनुदानांविषयीचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला, त्याच्या मुळाशीही हाच विचार आहे.

नियमांचा भार कोणावर?

साठ्याचा हिशेब नसताना केलेले नियम अन्यायकारक होण्याचा संभव असतो. किमान आकारमानाचा आदेशच पाहावा. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर बोंबील धरण्याचे पारंपरिक साधन म्हणजे डोल. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून रोवलेले हे पिशवीसारखे जाळे काही कोणाचा पाठलाग करीत नाही. प्रवाहाबरोबर जे येईल ते त्यात शिरते. बोंबील, जवळा, मांदेली यांच्यासाठी त्याचे आस बारीक ठेवावे लागतात, आणि त्याच आसांत पापलेटची पिल्लेही सापडतात. जाळे वर येईतो ती मेलेली असतात. ती समुद्रात टाकून दिल्याने साठा वाढत नाही, आणि बाजारात आणली तर कारवाईला तोंड देते ती पाटी घेऊन बसलेली कोळीण. दुसरीकडे, बारीक आसांचे जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरच्या खणात किती पिल्ले चिरडली गेली हे तपासण्यास समुद्रावर कोणी नसते. पिल्ले ज्या महिन्यांत आणि ज्या जागी दाटीने असतात तेथे तेवढ्यापुरती मासेमारी थांबविणे आणि ट्रॉलरच्या जाळ्याला चौकोनी, मोठे आस सक्तीने लावणे हे उपाय अधिक परिणामकारक ठरतील. परंतु ती जागा आणि ते महिने कोणते, हे सांगावयास पुन्हा मोजणीच हवी.

मोसमी बंदीचेही तसेच आहे. १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीला बंद असतात. कोळ्यांची जुनी रीत नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची, आणि ती पौर्णिमा ऑगस्टमध्ये येते. सरकारी बंदी उठते तेव्हा समुद्र बहुधा उधाणलेला असतो आणि मासळी नुकतीच वाढीला लागलेली असते. काही दिवस अधिक थांबल्याने मासळीचे वजन किती वाढेल आणि थांबणाऱ्या कुटुंबांचे नुकसान किती होईल, हा सरळ हिशेबाचा प्रश्न आहे. तो निवेदने आणि प्रतिनिवेदने यांवर सुटत राहतो, हे योग्य नव्हे.

हिशेबावर उभारलेला निर्णय कसा असतो, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने पर्ससीन जाळ्यांचा अभ्यास करून अहवाल दिला आणि त्याच्या आधारे फेब्रुवारी २०१६ मध्ये शासनाने या जाळ्यांवर निर्बंध घातले. सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात परवानगी राहिली. अंमलबजावणीविषयी वाद अद्याप आहेत, परंतु निर्णयामागे एक लेखी, तपासता येण्याजोगा आधार होता, हे महत्त्वाचे. खंत एवढीच की असा अभ्यास अपवाद ठरला. तो दर वर्षीचा परिपाठ झाला नाही.

कोणी, काय करावे?

न्यूफाउंडलंडप्रमाणे प्रत्येक माशाचा टनांत कोटा ठरवून द्यावा, अशी सूचना येथे करण्यात अर्थ नाही. थंड समुद्रात एका जाळ्यात एक-दोन जातींचा मासा येतो. येथे एका डोलीत डझनावारी जाती असतात. एकीचा कोटा संपला म्हणून दुसरीसाठी जाळे टाकता येत नाही, असे होणार नाही. आपल्याकडे मर्यादा घालावयाची ती मुख्यतः प्रयत्नावर, म्हणजे नौकांची संख्या, अश्वशक्ती, दिवस आणि जाळ्याचे आस यांवर. त्यासाठी चार गोष्टी आवश्यक आहेत.

पहिली, दर वर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रमुख दहा-बारा जातींची आणेवारी किनाऱ्याच्या भागांनुसार, मराठीत आणि कोळीवाड्याच्या फलकावर जाहीर व्हावी. डहाणू-वसईचे पापलेट, मुंबई-रायगडचा बोंबील, रत्नागिरी-सिंधुदुर्गचा बांगडा यांची एकच सरासरी काढून कोणाचेच समाधान होत नाही.

दुसरी, मच्छीमार सहकारी संस्थांच्या वजनाच्या वह्या या मोजणीत आणाव्यात. सातपाटीसारख्या ठिकाणी संस्था पापलेटचे वजन करून, आकारानुसार प्रतवारी लावून विक्री करीत आल्या आहेत. मोठ्या प्रतीचा मासा किती आणि लहान किती, याची अशी नोंद म्हणजे साठ्याच्या प्रकृतीचा आलेखच होय. शास्त्रज्ञाला जे नमुन्यावरून काढावे लागते ते येथे खातेवहीत लिहिलेले असते.

तिसरी, आकडा खाली आला तर काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. आणेवारी अमुक मर्यादेखाली गेली तर नवे परवाने बंद, त्याखाली गेली तर फेऱ्यांचे दिवस कमी, आणि त्या दिवसांची भरपाई कोणाला व किती, हे हंगामाच्या मध्यावर मोर्चाच्या दबावाखाली ठरविण्याचे विषय नव्हेत. खलाशी व मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांना भरपाईत प्रथम स्थान हवे, कारण नौका बांधून ठेवल्यावर मालकाकडे निदान नौका तरी उरते.

चौथी, हा हिशेब गुजरातबरोबर संयुक्तपणे व्हावा. सौराष्ट्रापासून मुंबईपर्यंतचा बोंबील आणि पापलेट यांना राज्याची हद्द ठाऊक नाही. बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार आणि त्यापुढे केंद्राचा, ही विभागणीही त्यांना मान्य नाही. एका राज्याने जाळे आखडावे आणि दुसऱ्याने पसरावे, यात संयम पाळणाराच मूर्ख ठरतो. शिवाय किनाऱ्यावरील मोठ्या प्रकल्पांचे मोलही या हिशेबातच मांडले जावे. २०२४ मध्ये पायाभरणी झालेले वाढवणचे बंदर डहाणूच्या समुद्रात येत आहे. त्याच्या भरावाने मासळीच्या पैदाशीच्या जागांवर काय परिणाम होतो, हे ठरविण्यासाठी आधीची स्थिती मोजलेली असावी लागते. ज्याची आधी नोंद नाही त्याची हानी पुढे सिद्ध करता येत नाही, आणि भरपाईही मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की शेतीच्या आणेवारीत जसे राजकारण शिरले तसे येथेही शिरेल. ही भीती रास्त आहे. शेतीत आकडा खाली दाखविण्याचा मोह होतो, कारण खाली गेला की सवलत मिळते. समुद्रात तो वर दाखविण्याचा मोह होईल, कारण खाली गेला की जाळे आवरावे लागते. यावर उपाय मोजणी टाळणे हा नव्हे. संशोधन नौकेचा आकडा, बंदरावरील नमुन्यांचा आकडा आणि संस्थेच्या वहीचा आकडा हे तिन्ही शेजारी शेजारी छापले की खोटेपणाला जागा कमी उरते.

अनेकांचा समज असा की सामायिक साधन म्हणजे बेवारस साधन, आणि ते वाचवायचे तर एक तर सरकारने ताब्यात घ्यावे किंवा खाजगी मालकाला द्यावे. २००९ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे अभ्यासून हा समज खोडून काढला. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि त्यांच्या नियमांना शासनाने मान दिला, तर सामायिक साधनही पिढ्यान् पिढ्या टिकते. आपल्या कोळ्यांना हे नवे नाही. डोल रोवण्याच्या ‘कवी’, म्हणजे समुद्रातील ठरलेल्या जागा, त्यांनी परंपरेने वाटून घेतल्या होत्या. यंत्रे आली, कवी दूरवर गेल्या आणि वसई-उत्तन व सातपाटी-डहाणू यांच्यात त्यांवरून वाद पेटला. परंपरा मोडली याचा अर्थ ती निरुपयोगी होती, असा नाही. नव्या शक्तीच्या नौकांना पुरेल असा नवा करार कोणी घडवून आणला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

राज्यमासा म्हणून ज्याचे चित्र शासकीय पत्रकावर झळकते, त्याची शासनाच्या दप्तरी शिल्लक किती, हे विचारण्याचा अधिकार मासळी खाणाऱ्या प्रत्येक नागरिकालाही आहे. दिंडोशीतील गिऱ्हाईक तळहाताएवढे पापलेट नाकारू शकते, आणि त्याने ते नाकारावेच. परंतु त्याच्या नकाराने समुद्राचा हिशेब लागणार नाही. तो हिशेब शास्त्रज्ञ, कोळी आणि शासन या तिघांनी एकत्र बसून दर वर्षी मांडावा लागेल, आणि तो नीचांकाचे पुढचे वर्ष उजाडण्याच्या आत मांडावा लागेल. न्यूफाउंडलंडला बत्तीस वर्षे थांबणे परवडले, कारण तो देश संपन्न होता. वेसाव्याच्या आणि सातपाटीच्या घरांना बत्तीस महिनेही परवडणार नाहीत.